खणातलं शेत

त्या रविवारी मोठ्या बाई वर्गात शिरल्या, खिडकीतल्या खणाकडे त्यांची नजर गेली आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. एकदाच चुकचुकली असती तर कोण लक्ष देतं! पण ही पाल पुढे आठवडाभर गप्प बसायला तयार नव्हती.

खण म्हणजे कपाटाचा खण. चर्चमागच्या खोलीतलं जुनं कपाट मोडीत निघालं, तेव्हा त्याचा एक लांबरुंद खण वर्गावरच्या दुसऱ्या, तरुण शिक्षिकेने, ताईंनी मागून घेतला होता. त्यात प्लास्टिक अंथरलं, माती भरली आणि रविवारच्या शाळेच्या सर्वांत लहान वर्गाने त्यात गहू पेरला. सतरा मुलं, चार ते सात वर्षांची. प्रत्येकाने मातीत बोट खुपसायचं, पहिल्या पेरापर्यंत, जास्त नाही. भोकात एक चिमूट दाणे सोडायचे, माती सारायची आणि हळूच म्हणायचं, "झोपा हं आता." एक मुलगा आपल्या दाण्यांना इतका वेळ थोपटत बसला, की त्याचाच डोळा लागायला आला.

आता आठ दिवसांनी गहू वर आला होता. पातळ, सरळ पाती. सुईत ओवायच्या आधी दोऱ्याला चिमटीत पीळ देऊन टोक काढावं, तशी टोकदार. पण त्या पात्यांमध्ये भलतंच काहीतरी डोकं वर काढून बसलं होतं. बुटकं, गुबगुबीत, दोन-दोन गोल पानांचं. एका जागी नाही, चांगलं नऊ-दहा जागी.

"मोठ्या बाई, हे काय आहे?" पुढचे दोन दात पडलेल्या एकाने विचारलं.

"गहूच असेल. जरा जाडा झालाय."

"गव्हाचं पान लांब आहे. हे गोल आहे. तुम्ही म्हणाला होता, आपल्या शेतात फक्त गहू आहे."

म्हणाल्या होत्या खऱ्या. नुसतं म्हणाल्या नव्हत्या, छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. पेरणीचा बेत ताईंचा. पण बियाणं मात्र मी आणणार, असं बाईंनी बजावलं होतं. दुसऱ्या कुणाच्या दाण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. घरी पांढऱ्या कापडावर गहू पसरून, चष्मा पुसून पुसून, दाणा न् दाणा त्यांनी निवडला होता. त्यात ना खडा, ना काडी. आणि आता सतरा पोरं तोंड वर करून त्यांच्याकडे बघत होती. त्यांच्या शब्दाला त्यांच्याच खिडकीत उगवलेलं हे उत्तर!

कुणीतरी नंतर टाकलं होतं. दुसरं काय?

बाईंनी मान वळवली. पलीकडे ताई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि मुलांना हिरव्या कागदाची पाती कापायला शिकवत होत्या. त्यांनी एकदा खणाकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि पटकन खाली बघून पुन्हा कात्री चालवायला लागल्या.

*अस्सं,* बाई मनात म्हणाल्या.

मोठ्या बाई शिवणकाम करायच्या. आठवडाभर यंत्रावर पाय, आणि रविवारी हा वर्ग. बावीस वर्षं झाली होती. त्यांचे वडील प्रवचन गाऊन सांगणारे. अर्धं बोलणं, अर्धं गाणं. लोक ज्या दमात हसायचे त्याच दमात डोळे पुसायचे. घरदार म्हणावं असं वडिलांनी फार काही मागे ठेवलं नाही, पण तो गळा मात्र लेकीला दिला. हरवलेलं मेंढरू असो की घर सोडून गेलेला मुलगा, बाई दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली गोष्ट, सांगायला लागल्या की खिडकीबाहेर खेळणारी मोठी पोरंसुद्धा गजाला लटकायची. बाईंच्या मागे नवरा नव्हता, मूल नव्हतं. होता तो हा वर्ग.

आणि गेल्या सहा महिन्यांपासून त्यात ताई आल्या होत्या. वय सव्वीस, आठवडाभर बालवाडीत नोकरी, पिशवीत कायम चिकणमाती, कापूस, लोकर आणि डिंक. "हातांना समजलं की डोक्याला समजतं, बाई," हे त्यांचं आवडतं वाक्य.

"आणि कान कशाला दिलेत? चष्मा अडकवायला?" बाईंनी एकदा विचारलं होतं.

ताई मनापासून हसल्या होत्या. बाईंना ते हसणंही संशयास्पद वाटलं. टोमणा मारला तर माणूस चिडतं. हसतं ते कोण? ज्याच्या मनात काही शिजतंय ते.

कारण चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगून ठेवलं होतं, की पुढच्या वर्षीपासून लहान वर्ग एकीच्याच हाती द्यायचा. दोघींनी मिळून ठरवलं तर उत्तम, नाहीतर पालकांच्या रविवारी चर्चची मंडळी वर्ग बघेल आणि ठरवेल. पालकांचा रविवार अवघ्या आठ दिवसांवर आला होता. त्या दिवशी सांगायचा होता तो गव्हाचा आणि निदणाचा, म्हणजे तणाचा, दाखला. धन्याने चांगलं बी पेरलं, लोक झोपलेले असताना वैऱ्याने त्यात निदण पेरलं, चाकर म्हणाले उपटू का, आणि धनी म्हणाला नको, निदणाबरोबर गहूही उपटाल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. ताईंचा बेत असा, की त्या दिवशी मुलांनी डोळे मिटून घोरायचं, एकाने वैरी होऊन यायचं आणि कागदाची हिरवी पाती खणात खोचून पळायचं. ठीक होतं, पोरखेळ होता. पण कागदाच्या आधी हे खरंखुरं निदण कुणी आणलं?

"ताई," वर्ग सुटल्यावर बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मधल्या वारी इकडे आला होतात का हो?"

"हो, बुधवारी. आणि शनिवारी. पाणी घालायला."

"पाणी तर घंटेवाले काका घालतात."

"ते खूप घालतात," ताई म्हणाल्या आणि का कोण जाणे, लाल झाल्या. हातातली निळी वही त्यांनी पटकन पिशवीत कोंबली.

त्या वहीचा तर बाईंनी आधीच धसका घेतला होता. बाई गायला लागल्या की ती वही उघडायची. ताई कोपऱ्यात बसून काहीतरी टिपत राहायच्या. एकदा बाईंनी मागून जाता जाता पान वाचलं होतं. 'इथे दम घेतात. इथे तेच पुन्हा. इथे थांबतात, मुलं हसतात.' पुढचं दिसलं नाही, पण कपडा ओळखायला एवढी किनार पुरे होती. म्हातारी दमते, म्हातारी तेच तेच बोलते, म्हातारी अडते, मुलं हसतात. मंडळीपुढे ठेवायचा कागद घरबसल्या तयार होत होता.

घरी आल्यावर बाईंनी सगळं वहिनीला सांगितलं. भाऊ वारल्यापासून दोघी एकत्र राहायच्या, आणि वहिनीच्या जिभेला धार होती.

"वन्सं, त्या पोरीने रात्रीचं येऊन तुमच्या मातीत बी टाकलं म्हणता? तोंडावर बुरखाबिरखा घेऊन आली असेल."

"थट्टा करू नकोस. कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरणारच. खणच आहे तो, आणि दोघं-तिघं पाणी घालताय."

"अगं, मी दिलं तेव्हा स्वच्छ होतं ते बियाणं. तू बघितलंस ना निवडताना?"

"बघितलं की. मी डाळीतला खडा तुमच्या ताटात वाढला तर बोलाल, इतकं बारीक निवडत होतात." वहिनी भांडी विसळता विसळता थांबली. "पण मला एक सांगा, तिने टाकलंच असेल, तर मिळणार काय तिला?"

"मी खोटी ठरणार. पालकांसमोर. 'फक्त गहू' म्हणणारी बाई, आणि शेत बघा तिचं!"

वहिनीने हात पुसले आणि ती काहीच बोलली नाही. वहिनी गप्प बसली, याचा अर्थ तिला पटलं, असं बाईंनी धरून चाललं. संशयाचं हे असंच असतं. तो बोलण्यावरही जगतो आणि गप्प बसण्यावरही.

मंगळवारी बाई घंटेवाल्या काकांना भेटल्या. काका चर्चची घंटा वाजवायचे, झाडलोट करायचे आणि सणासुदीला ऑर्गनही वाजवायचे.

"काका, ताई मधल्या वारी येतात तेव्हा करतात काय हो?"

काकांनी झाडू भिंतीला टेकवला. "कोण ताई?"

"किती ताया आहेत इथे?"

"असं होय, त्या ताई. येतात, बसतात, जातात."

"बसून काय करतात?"

"बाई, मी घंटेचा माणूस. दोर ओढायचा एवढंच मला माहीत," काका म्हणाले आणि झाडू उचलून, झाडून झालेलाच कोपरा पुन्हा झाडायला लागले.

हेही सामील! बाईंना आता काही शंका उरली नाही. गुरुवारी त्या पाळकसाहेबांच्या खोलीत जाऊन बसल्या आणि जे जसं दिसलं ते तसं, आणि जे दिसलं नाही तेही थोडंसं, सांगून मोकळ्या झाल्या.

पाळकसाहेबांनी पेनचं टोपण मिटलं. "बाई, मुलांच्या वर्गात मुद्दाम खोडसाळपणा करायचा, हा मोठा आरोप आहे. ज्याच्यावर हा आरोप खरा ठरेल त्याला मला वर्गात ठेवता येणार नाही. पुढच्या वर्षीही नाही, या वर्षीही नाही. तुमची खात्री आहे?"

"बी मी निवडलं. माती मी चाळली. खोलीची दुसरी किल्ली तिच्याकडे. आणखी काय हवं?"

"मी विचारलं, खात्री आहे का?"

"आहे," बाई म्हणाल्या.

"ठीक. रविवारी वर्ग संपल्यावर तुमच्यादेखत मी त्यांना विचारीन."

बाहेर आल्यावर बाईंना हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जिना उतरताना गुडघा दुखला, आणि त्याचंही खापर त्यांनी मनातल्या मनात ताईंवर फोडलं.

शनिवारी दुपारी शिवण अर्धी टाकून त्या खोलीवर गेल्या. कुणी नव्हतं. बाकं भिंतीशी लावलेली, फ्लॅनेलच्या फळ्यावर त्यांच्याच हातची कापडी मेंढरं, आणि खिडकीत खण. गोल पानांची ती रोपं आता गव्हाच्या मांडीला मांडी लावून बसली होती. उद्या या खोलीत पालक उभे राहणार. उद्या दातपडक्या पुन्हा विचारणार.

निदान मुलांपुढे तरी नको, असं स्वतःला सांगत बाई खणावर वाकल्या. एक गोल पान चिमटीत धरलं आणि ओढलं.

मुळासकट आलं. पण एकटं आलं नाही. त्याच्या बारीक मुळांनी गव्हाच्या मुळांशी अशी गाठ मारली होती, की तीन पाती सोबत उपसून आली. बाईंनी ती परत मातीत खोचली, तर आडवी झाली. दुसरं रोप जपून, माती दाबून धरून ओढलं, तर चार पाती आली. मग त्यांना राग आला. रोपाचा, ताईंचा, गुडघ्याचा, सगळ्याचाच. तिसरं, चौथं, पाचवं. थांबल्या तेव्हा खणाच्या मधोमध तळहाताएवढं टक्कल पडलं होतं आणि उपटलेल्या ढिगात गोल पानांपेक्षा गहूच जास्त होता.

बावीस वर्षं हाच दाखला त्या गात आल्या होत्या. वडिलांनी बांधलेलं धृपद त्यांना झोपेतही यायचं:

*शेत धन्याचं, बी धन्याचं,*
*तुझी कशाला घाई?*
*आवर हात, गड्या, आवर हात,*
*अजून कापणी नाही!*

त्या क्षणी मात्र त्यांना त्यातलं अक्षर आठवलं नाही. जिन्यावर पावलं वाजल्यासारखी झाली. बाईंनी उपटलेला ढीग खणाच्या कडेला लोटला, पदराला हात पुसले आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या. अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं, की पदराशी कायम टोचून ठेवलेली निळ्या दोऱ्याची सुई जागेवर नाही.

रविवारी बाई सर्वांत आधी पोचायच्या. त्या दिवशी जरा उशीरच झाला. खोली भरलेली होती. मुलं पुढे, पालक मागे भिंतीला टेकून, आणि दाराशी पाळकसाहेब. कापडी माणसं लावायला बाई फळ्याकडे गेल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात त्यांची सुई टोचलेली होती. तोच निळा दोरा. नाकाशी वाळलेली माती.

बाईंनी हळूच खणाकडे पाहिलं. मधलं टक्कल पुरतं उघडं नव्हतं. कुणीतरी उपटलेली पाती एकेक करून परत लावली होती, आणि प्रत्येक पात्याला आधाराला काडेपेटीची काडी रोवली होती. बरीचशी पाती काड्यांवर मान टाकून पडली होती, दोन-चार जगण्याच्या बेतात होती. उपटलेली गोल पानंसुद्धा परत लावलेली होती. वगळली नव्हती.

ताई मुलांच्या मधोमध बसल्या होत्या. त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही.

म्हणजे हिला माहीत आहे, बाईंच्या मनात आलं. मग सांगत का नाही? वेळ बघतेय. पालकांसमोर सांगणार. 

तेवढ्यात मुलांनी खण पाहिला.

"आपलं शेत मोडलं!"

"माझा गहू! माझा इथे होता!"

"वैरी आला होता! खरा वैरी!"

"तूच वैरी. तू नेहमी मोडतोस."

"मी काल मावशीकडे होतो! हो की नाही गं आई?"

बघता बघता सतरा मुलांनी सतरा जणांकडे बोटं दाखवली. एकीने तर स्वतःच्याच धाकट्या भावावर आळ घेतला, जो अजून चालायलाही लागला नव्हता. पालक हसत होते. मग दातपडक्या उभा राहिला आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, "मला माहितीय कोण. आम्ही लवकर आलो तेव्हा ताईंचे हात मातीत होते. आईने पण बघितलं."

हसणं थांबलं. दातपडक्याची आई अवघडून जमिनीकडे बघू लागली. पाळकसाहेब दारातून एक पाऊल आत आले.

"ताई?" ते म्हणाले.

"हो," ताई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण सरळ. "माझे हात मातीत होते."

बस्स. पुढे एक शब्द नाही. ना सुईचा, ना शनिवारचा.

बाई थांबून राहिल्या. आता सांगेल, आता सांगेल. ताई सांगत नव्हत्या. पाळकसाहेबांची नजर ताईंवरून उठली आणि बाईंवर येऊन स्थिरावली. तुम्ही म्हणत होतात ते हेच ना, असं ती नजर विचारत होती. नुसती मान हलवली तरी भागणार होतं. मान हलवायला काय लागतं? बाईंच्या मानेला मात्र त्या वेळी कुणीतरी खळ घातल्यासारखं झालं होतं.

आणि या सगळ्यात कुणाचंच लक्ष चाखीकडे नव्हतं.

चाखी पाच वर्षांची. तिचं खरं नाव कुणी वापरतच नसे, कारण हातात येईल ते ती आधी चाखून बघायची. तिने ताईंचा डिंक चाखला होता, चिकणमाती चाखली होती, मेंढराचा कापूस चाखला होता आणि त्यावर मतही दिलं होतं. ती मघाशीच खणाशी गेली, एक गोल पान खुडलं आणि तोंडात टाकलं.

"हा हा हू!" ती जीभ बाहेर काढून नाचायला लागली. "तिखट! तिखट आहे!"

"थुंक ते आधी!" तिची आई मागून धावली.

"नाही थुंकणार. छान तिखट आहे. नाकात गेलं!"

नाकात गेलं. बाईंनी ते ऐकलं आणि त्यांचे पाय आपोआप खिडकीकडे वळले. त्यांनी एक पान खुडून दातांखाली धरलं. झणका टाळूवरून थेट नाकात चढला आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

मोहरी.

वर्गातल्या नव्या कपाटात बाईंच्या पिशव्या ओळीने टांगलेल्या असायच्या. दाखल्यासाठी लागणारी एकेक वस्तू एकेका पिशवीत, सगळ्या त्यांच्याच हातच्या, उरलेल्या कापडाच्या. गहू त्यांनी लाल पट्ट्यांच्या पिशवीतून आणला होता. ती त्यांनी का निवडली? कारण ती नेमकी मोकळी होती. ती मोकळी का होती? कारण गेल्या वर्षी तिच्यातून त्यांनी मोहरीच्या दाण्याचा दाखला सांगताना सतरा तळहातांवर मोहरी वाटली होती. तेव्हा कुणी काही पेरलं नव्हतं; दाणा नुसता बघायचा, कार्डावर चिकटवायचा आणि घरी न्यायचा. म्हणून तर ते रोप कसं दिसतं, हे या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाईंनी पिशवी काढली आणि उलटी केली. एकही दाणा सांडायचा नाही, अशी त्यांची दुहेरी शिवण. कड आत दुमडून वरून पुन्हा टाका. गावभर त्या शिवणीचं नाव होतं. त्या फळ्याशी गेल्या, माती लागलेली सुई उपसली आणि तिच्या टोकाने शिवण उसवायला लागल्या. टाका, दुसरा टाका, तिसरा. 

दुमडीतून त्यांच्या तळहातावर मोहरीचे चार दाणे पडले. मग आणखी तीन.

"बघा रे," बाई म्हणाल्या. त्यांनी तळहात पुढे केला. "वैरी सापडला."

सगळी मुलं पुढे सरकली.

"ही मोहरी माझ्या पिशवीत होती. मी गहू निवडला, पण पिशवी झाडली नाही. मी म्हणाले फक्त गहू आहे, ते खोटं निघालं. आणि शेत मोडलं तेही मीच. काल दुपारी, या हातांनी."

"तुम्ही?" दातपडक्याला ते पटेना. "तुम्ही तर मोठ्या बाई आहात."

"म्हणूनच मोठं मोडलं."

मागे कुणीतरी हसलं. बाई पाळकसाहेबांकडे वळल्या. "गुरुवारी तुम्ही मला दोनदा विचारलंत, खात्री आहे का. मी आहे म्हणाले. ते माघारी घेते. ताईंचे हात मातीत होते, कारण मी उपटलेलं त्या परत लावत होत्या. ही सुई मी खणात पाडून गेले होते. त्यांना सकाळीच कळलं कोण ते, आणि तरी त्या गप्प राहिल्या."

ताई आता बाईंकडे बघत होत्या. "सुई राहिली असती तर कुणाच्या तरी बोटात गेली असती," त्या एवढंच म्हणाल्या.

"बाई, मग ही गोल पानं उपटायची का?" चाखीने आशेने विचारलं. तिला ती सगळी हवी होती.

बाईंनी खणाकडे पाहिलं. काड्यांना टेकून उभा असलेला गहू, आणि त्याला खेटून गेल्या वर्षीचा दाखला, ताजा हिरवागार. देवाच्या राज्याचं बी म्हणून ज्याच्यावर त्यांनी इतकी वर्षं गायलं, त्यालाच त्या आठ दिवस वैऱ्याचं बी म्हणत होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "हात आवरा. मी आवरला नाही, त्याचं काय झालं ते समोर आहे."

आणि मग, आजवर कधी सांगितला नव्हता असा त्यांनी तो दाखला सांगितला. कापडी माणसं फळ्यावर लावलीच नाहीत. कागदाची पाती तशीच पडून राहिली. धन्याचा चाकर कसा तावातावाने निघाला, कसा गुडघा दुखत असतानाही वाकला, प्रत्येक पात्याला तो कसा 'तू कोण? तू कोणाचा?' असं दरडावत होता, हे त्या चाकराच्या आवाजात सांगत होत्या आणि मुलं पोट धरून हसत होती. पालकही. मग बाईंनी धृपद धरलं. 'आवर हात, गड्या' या ओळीशी त्या अडल्या. आणि नेमक्या तिथे, कोपऱ्यातून, थोड्याशा बेसूर पण अगदी बरोबर ठेक्यात, ताईंनी ओळ उचलली.

बाईंनी चमकून पाहिलं. ताईंना अक्षर न् अक्षर येत होतं.

खोली रिकामी झाल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "मंडळीला काय सांगू?"

हा प्रश्न बाईंना आठ दिवस झोपू देत नव्हता. आता तो समोर आला तर फारसा जड नव्हता, पण हलकाही नव्हता. बावीस वर्षं होती ती. "वर्ग ताईंना द्या," त्या म्हणाल्या. "ज्याने उपटलेलं परत लावलं त्याला. मला दाखला सांगायला बोलावलं तर येईन."

 पाळकसाहेबांनी मान डोलावली आणि ते निघून गेले. दारातल्या घंटेवाल्या काकांनी मात्र डोकं आत घातलं. "बाई, आता सांगायला हरकत नाही. त्या ताई मधल्या वारी तुमची गाणी बसवतात. मी ऑर्गनवर सूर देतो. तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. बऱ्याच बेसूर आहेत हो!" आणि ते पसार झाले.

ताईंनी लाल होत निळी वही पुढे केली. प्रत्येक पानावर बाईंचं एकेक गाणं होतं. शब्दांवर वर-खाली जाणारे बाण, आणि कडेला बारीक अक्षरात टिपणं. 'इथे दम घेतात. इथे तेच पुन्हा, पण हळू. इथे थांबतात, मुलं हसतात, मग पुढे.'

बाई चष्मा पुसून वाचत राहिल्या. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे चुकलंय."

"कुठे?"

"इथे मी दम घेत नाही. इथे मी पुढची ओळ विसरते."

ताईंनी पेन्सिल काढली. "मग मी इथे काय करू?"

"थांबायचं," बाई म्हणाल्या, "आणि मुलांच्या तोंडाकडे बघायचं. आठवते." त्यांनी उसवलेली पिशवी घडी करून पदरात घेतली. "ही मी घरी नेते. या वेळी शिवण एकेरीच घालेन. थोडं सांडलं तर सांडलं."